मागच्या हबचं सील गळतंय? आधी कारण शोधा

ट्रकच्या मागच्या हबमधलं ऑइल सील ही काही शे रुपयांची रबरी कडी. ती गळायला लागली की मालकाच्या डोक्यात पहिला हिशेब येतो तो वाया जाणाऱ्या तेलाचा. खरं तर या सगळ्या नुकसानीत तेलाची किंमत सर्वांत कमी. सीलमधून सुटलेल्या तेलाच्या वाटेवर पहिल्यांदा येतात ते ब्रेक लायनर. ते भिजले की त्या चाकाचा ब्रेक गेल्यात जमा. दुर्लक्ष चालूच राहिलं तर हाउसिंगमधली पातळी उतरते, क्राउन-पिनियन कोरडे पडतात, बेअरिंग जळतं आणि क्वचित चाक हबसकट निखळायचीही वेळ येते. ज्यांच्या गाडीचं सील एकाच बाजूला पुन्हा पुन्हा जातं, अशा मालक-चालकांसाठी हा लेख मुख्यतः आहे. सील आपणहून फार कमी वेळा मरतं. बहुतेकदा त्याला मारणारं कारण शेजारीच दडलेलं असतं आणि नवं सील बसवल्यावर ते त्याचाही जीव घेतं.

तेल हबपर्यंत येतं कसं

मध्यम आणि जड ट्रकचा मागचा एक्सल सहसा फुल फ्लोटिंग असतो. हाउसिंगच्या दोन्ही टोकांना जाड नळी असते. त्या नळीवर दोन टेपर रोलर बेअरिंगं, बेअरिंगांवर हब आणि हबला ड्रम व चाकं. गाडीचं सगळं वजन ही नळी पेलते. तिच्या आतून जाणारा एक्सल शाफ्ट वजन घेत नाही, तो फक्त चाक फिरवतो. म्हणून तर टोचन लावताना चाक न उचलता शाफ्ट ओढून काढता येतो.

नळी आणि शाफ्ट यांच्यामधल्या पोकळीतून क्राउनचं तेल वळणावर आणि एका बाजूला कललेल्या रस्त्यावर टोकापर्यंत वाहत येतं. पुढे दोन पद्धती आहेत. काही गाड्यांमध्ये हबची बेअरिंगंही याच तेलावर चालतात आणि हबच्या आतल्या, म्हणजे ब्रेककडच्या तोंडाशी बसवलेलं एकच मोठं सील ते तेल अडवतं. दुसऱ्या पद्धतीत बेअरिंगं ग्रीसवर चालतात. तिथे नळीच्या टोकाजवळचं एक सील तेलाला हबमध्ये येऊ देत नाही आणि हबचं सील ग्रीसला ब्रेकमध्ये जाऊ देत नाही.

या दुसऱ्या पद्धतीतच जास्त फसगत होते. नळीच्या टोकाचं सील गेलं की तेल हबमध्ये शिरतं, ग्रीस पातळ होतं आणि ते पातळ मिश्रण धडधाकट हब सीलमधूनही वाट काढतं. ड्रममध्ये ओल दिसली म्हणून हब सील बदललं जातं, मूळ दोष आत तसाच राहतो आणि दोन-तीन फेऱ्यांत गाडी पुन्हा गॅरेजच्या दारात. हब उघडल्यावर आधी ग्रीसकडे पाहा. ते घट्ट असेल तर दोष हब सीलचा. पातळ होऊन ओघळत असेल तर दोन्ही सीलं बदलायची, यात काटकसर नको.

लहान पिकअप गाड्यांमध्ये बऱ्याचदा सेमी फ्लोटिंग एक्सल असतो. तिथे शाफ्टच वजन पेलतो, बेअरिंग आणि सील हाउसिंगच्या टोकात बसतात आणि शाफ्ट काढणं म्हणजे चाकाचा आधारच काढणं. खाली दिलेल्या खुणा आणि कारणं त्या गाड्यांनाही लागू पडतात, खोलण्याची पद्धत मात्र नाही.

खूण कुठे पाहायची

हब सील गळतं तेव्हा तेल आधी ड्रमच्या आत पडतं. तिथून ते ड्रमच्या उघड्या कडेने किंवा धूळपत्र्याच्या खालच्या भागातून बाहेर येतं आणि चाक फिरताना आतल्या टायरच्या आतल्या बगलेवर उडतं. त्यामुळे बाहेरून गाडीभोवती चक्कर मारून हे दिसत नाही. बॅटरी घेऊन गाडीखाली वाकावं लागतं. आतल्या टायरवर काळी ओली पट्टी, तिच्यावर चिकटलेली धूळ, ब्रेक शूच्या खालच्या टोकाशी लोंबणारा थेंब, या पक्क्या खुणा. घाट उतरून थांबल्यावर एकाच बाजूने जळक्या तेलाचा वास किंवा धूर आला, किंवा रिकामी गाडी ब्रेक दाबताच एका अंगाला ओढू लागली, तर तेल लायनरपर्यंत पोचलेलं आहे असंच धरून चाला.

हबच्या बाहेरच्या तोंडाकडून, म्हणजे शाफ्टच्या फ्लँजपासून चाकाच्या डिस्कवर किरणांसारखे ओघळ पसरलेले असतील तर तो सीलचा दोष नाही. फ्लँजखालचं पॅकिंग फाटलंय किंवा स्टडचे नट ढिले पडलेत. हे काम तासाभराचं असतं आणि हब उतरवावाही लागत नाही. तेल हाउसिंगच्या मधोमध, प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो तिथून टपकत असेल तर ते पिनियनचं सील. त्याचा चाकांशी संबंध नाही.

ओल कशाची आहे तेही बोटांनी ओळखता येतं. क्राउनचं गिअर ऑइल दाट आणि चिकट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. वितळलेलं ग्रीस गुळगुळीत लागतं, पण त्याला तो वास नसतो. हायड्रॉलिक ब्रेकच्या लहान गाड्यांत व्हील सिलिंडर गळला तरी चाक आतून ओलं होतं. ते ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्याने धुऊन निघतं आणि रंग खातं. गिअर ऑइल नुसत्या पाण्याने जात नाही. एअर ब्रेकच्या ट्रकला ब्रेक ऑइलच नसतं, त्यामुळे तिथे एक शंका कमी. मात्र दुसरी वाढते. एस-कॅमच्या बुशिंगला ग्रीसगनने गरजेपेक्षा जास्त ग्रीस मारलं तर ते कॅमच्या तोंडातून येऊन शूवर पसरतं आणि बिचारं हब सील विनाकारण बदललं जातं.

शंका राहिली तर सोपा उपाय आहे. चाकाची आतली बाजू, ड्रमची कड आणि हाउसिंग डिझेल व साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवा, कोरडं करा, वीसेक किलोमीटर गाडी चालवा आणि पुन्हा वाकून पाहा. वाऱ्याने तेल मागे पसरतं. ताज्या ओलीचं सर्वांत पुढचं आणि सर्वांत वरचं टोक जिथे सापडेल, गळती तिथली. धुतल्याशिवाय केलेलं निदान हा निव्वळ अंदाज असतो.

सील का गेलं?

पहिला संशयित ब्रीदर. हाउसिंगच्या वरच्या बाजूला एक छोटी टोपी किंवा नळी असते. गाडी चालली की क्राउनचं तेल तापतं, आतली हवा फुगते आणि ती या ब्रीदरमधून बाहेर पडते. ब्रीदर चिखलाने बुजला की हवा दुसरी वाट शोधते आणि ती वाट म्हणजे सीलची ओठाळ कड. उसाच्या हंगामात शेतात शिरणाऱ्या, खाणीत आणि वाळूच्या वाहतुकीत फिरणाऱ्या गाड्यांमध्ये हे सर्रास घडतं. उलटंही घडतं. तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बंद ब्रीदरमुळे पाणी सीलमधून आत ओढलं जातं. लेव्हल प्लग उघडल्यावर तेल दुधाळ चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी शिरलेलं आहे. मग टॉप-अप करून भागत नाही, सगळं तेल काढून बदलावं लागतं. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवायला आणि फुंकून पाहायला पाच मिनिटं लागतात. फुकटात होणारं हे काम हब खोलण्याच्या आधी करायचं.

दुसरं कारण जास्त भरलेलं तेल. गाडी सपाट जागेवर असताना लेव्हल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेला तेल लागलं पाहिजे, त्याहून वर नाही. एक बाजू उंच ठेवून भरलेल्या गाडीत पातळी चुकते आणि जास्तीचं तेल नळ्यांत सारखं दाबून राहतं. गळतं म्हणून जाड तेल भरायचा सल्लाही ऐकू येतो. ८० डब्ल्यू ९० सांगितलेल्या एक्सलमध्ये मनाने ८५ डब्ल्यू १४० ओतल्याने फाटलेलं सील शिवलं जात नाही. कंपनीने सांगितलेला ग्रेडच घाला, आणि हायपॉइड गिअरच्या क्राउनला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं हे डब्यावर पाहून घ्या.

तिसरं कारण बेअरिंगची ढिलाई, आणि गाडी ज्या ‘पुन्हा त्याच बाजूच्या’ तक्रारीने परत येते तिच्यामागे अनेकदा हेच असतं. बेअरिंग झिजलं किंवा चेकनट नीट बसवला नाही की हब फिरताना किंचित डुलतो. सीलची कड धातूवर हलक्या दाबाने टेकलेली असते. तो दाब एका बाजूला वाढला आणि दुसऱ्या बाजूला सुटला की नवं कोरं सीलही टिकत नाही. याच्याच जोडीला येतो तो सीलच्या घर्षणाने नळीवर किंवा तिच्यावरच्या कडीवर पडलेला चर. त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं तर नवं सील त्याच चरात बसेल आणि गळेल. कडी बदलायची किंवा त्या मापाची पातळ स्लीव्ह चढवायची. हलके ओरखडे बारीक पॉलिश पेपरने घालवता येतात, पण पेपर नळीभोवती गोल फिरवायचा. लांबीच्या दिशेने घासलेल्या रेघा तेलाला बाहेर जायला वाट करून देतात.

उष्णता हेही एक कारण. ब्रेक सुटत नसेल, स्लॅक अ‍ॅडजस्टर फार आवळलेला असेल किंवा लायनर ड्रमला चिकटून चालत असेल, तर हब भाजतो आणि सीलचं रबर कडक होतं. साध्या नायट्राइल रबराचं सील सततच्या शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास थकायला लागतं, व्हायटॉनचं सील दोनशेच्या आसपासपर्यंत तग धरतं. घाटरस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला दुसऱ्या प्रकारचं सील मिळत असेल तर जास्तीचे पैसे देण्यात शहाणपण आहे. जुनं सील काढल्यावर वाकवून पाहा. ते चिरत असेल किंवा प्लास्टिकसारखं वाजत असेल, तर नवं बसवण्याआधी ब्रेक का तापतोय ते शोधा.

राहिलं ओव्हरलोडिंग. २०१८ साली केंद्राने एक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली, तेव्हा दुहेरी टायरच्या एका मागच्या एक्सलसाठी ती १०.२ वरून ११.५ टन झाली. याहून जास्त भार वारंवार टाकलेल्या गाडीचं हाउसिंग किंचित वाकतं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण शाफ्टचे स्टड वारंवार सैल होणं, शाफ्ट तुटणं, आतले टायर तिरके झिजणं आणि त्याच बाजूचं सील जाणं, हे सगळं एकत्र दिसलं तर हाउसिंगची सरळता मोजून घ्यावी. वाकलेल्या हाउसिंगवर सीलं बदलत राहणं म्हणजे पैसे ड्रममध्ये ओतणं. ओव्हरलोडला दंड २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये, हे तर वेगळंच.

खोलताना

हे काम अनुभवी मिस्त्रीकडून करून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही मालकाने शेजारी उभं राहून काय पाहायचं ते माहीत असायला हवं, आणि ज्याच्या हाताला काम आहे त्याने पुढचा क्रम सोडू नये.

गाडी रिकामी आणि जमीन सपाट व पक्की हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. काही गाड्यांच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात, म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी आटे पाहा. जॅक हाउसिंगखाली, पाट्यांच्या बैठकीजवळ लावा आणि उचलल्यावर एक्सल लोखंडी घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर उभ्या असलेल्या ट्रकखाली कोणीही शिरू नये.

मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक असेल तर हवा उतरली की ब्रेक आपोआप आवळला जातो आणि ड्रम निघत नाही. अशा वेळी चेंबरचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बूस्टरचा, रिलीज बोल्ट लावून आतली स्प्रिंग आवळून धरायची आणि स्लॅक अ‍ॅडजस्टर मागे फिरवायचा. चेंबरचा गोल क्लॅम्प मात्र कधीही उघडायचा नाही. आत दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो.

खाली तेलाचं भांडं ठेवा आणि शाफ्टच्या फ्लँजचे नट काढा. ज्या गाड्यांत स्टडभोवती चिरलेले कोन बसतात, तिथे फ्लँजच्या मधोमध पितळी किंवा तांब्याच्या हातोड्याचे दोन-चार ठोके दिले की कोन सुटतात. फ्लँजच्या फटीत छिन्नी घालून उचकटलं की फ्लँजची बैठक खराब होते आणि पुढे तिथूनच तेल येतं. शाफ्ट बाहेर ओढताना तो सरळ रेषेत राहिला पाहिजे. तो खाली टेकला तर त्याच्या टोकावरचे दाते नळीतल्या सीलला कापतात. परत बसवतानाही हीच काळजी घ्यायची.

लॉक वॉशरची वाकवलेली कड सरळ करून चेकनट योग्य मापाच्या बॉक्स पान्याने सोडवा. आपल्याकडे चेकनट छिन्नी-हातोड्याने फिरवायची वाईट सवय आहे. त्याने नटाच्या कडा उडतात, नळीचे आटे मरतात आणि लोखंडाचे कण थेट बेअरिंगमध्ये पडतात. ज्या गॅरेजमध्ये तुमच्या गाडीच्या चेकनटचा पाना नाही, तिथे हे काम देऊ नका. दोन टायर, ड्रम आणि हब मिळून वजन एका माणसाच्या आवाक्याबाहेर जातं, म्हणून ट्रॉली वापरावी किंवा आधी टायर उतरवावेत.

ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. ओल्या फडक्याने पुसा. धुतलेलं बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवणं हा काही पोरांचा आवडता खेळ असतो. रोलर निसटला तर तो गोळीसारखा सुटतो.

बेअरिंगचे रोलर आणि बाहेरचा कप दोन्ही पाहायचे. खड्डे, निळसर रंग, पापुद्रे किंवा टोचणारी कड दिसली तर कप आणि कोन जोडीने बदलायचे. जुन्या कपमध्ये नवा कोन घालून वाचवलेले पैसे काही महिन्यांतच परत द्यावे लागतात. डाव्या-उजव्या आणि आतल्या-बाहेरच्या बेअरिंगांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येकाची वेगळी ताटली ठेवा.

नवं सील

दुकानात जाताना जुनं सील सोबत न्या. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, शिवाय कंपनीचा नंबर. नुसतं ‘अमुक मॉडेलचं मागचं हब सील द्या’ म्हणाल तर एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांमुळे चुकीचं सील हाती पडू शकतं. नकली मालही बाजारात असतो. मापात किंचित फरक, कडेवर रबराची पिसं आणि हलकी स्प्रिंग दिसली तर ते सील परत करा.

सील काढण्याआधी ते किती खोल आणि कुठल्या तोंडाने बसलं होतं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साधा नियम असा की आतली बारीक गोल स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडे किंवा ग्रीसकडे यायला हवी. सीलचं घर कोरडं पुसून त्याच्या कडेवरचा बारीक खवलाही घासून काढा. सीलच्या कडेला त्याच तेलाचा किंवा ग्रीसचा हात फिरवा. कंपनीने कोरडंच बसवायला सांगितलेलं असेल तर मात्र लावू नका. बाहेरून रबर चढवलेल्या सीलला पॅकिंगची पेस्ट लागत नाही. भरपूर पेस्ट फासली तर ती आत सरकून बेअरिंगमध्ये जाते.

बसवताना सीलच्या पूर्ण गोलावर सारखा दाब पडला पाहिजे. त्यासाठी योग्य मापाचा ड्रायव्हर हवा. तो नसेल तर सीलच्या बाहेरच्या कडेएवढी जाड सपाट चकती ठेवून तिच्या मध्यावर ठोके द्या. हातोड्याने एकदा इकडे, एकदा तिकडे ठोकत नेलेलं सील तिरकं बसतं, त्याची पत्र्याची कड वाकते, कधी आतली स्प्रिंग उडते, आणि मग सीलच खराब निघालं असं खापर दुकानदारावर फोडलं जातं. बसल्यावर कडेभोवती चार ठिकाणी खोली मोजा. काही नव्या गाड्यांमध्ये सील आणि त्याची फिरती कडी एकाच खोक्यात जोडून येतात. ती आत काय आहे हे पाहायला उघडायची नाहीत.

ग्रीसच्या हबमध्ये जुनं ग्रीस पूर्ण काढून बेअरिंगच्या रोलरांमध्ये हाताने दाबून नवं ग्रीस भरा. जुन्यावर दुसऱ्या जातीचं ग्रीस चढवलं तर मिश्रण पातळ होऊ शकतं. हबची पोकळी काठोकाठ भरू नका, जादा ग्रीस तापून सीलवरच येतं. तेलाच्या हबमध्ये बेअरिंगं बसवण्याआधी क्राउनच्याच तेलात भिजवा.

आता सगळ्या कामाचं मर्म: चेकनट. हब दोन्ही दिशांनी फिरवत आतला नट आवळायचा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग तो सोडून पुन्हा कमी जोराने आवळायचा आणि कंपनीने सांगितल्याइतका मागे घेऊन कुलूपबंद करायचा. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, अमेरिकेतल्या ट्रकिंग असोसिएशनच्या देखभाल परिषदेने आपल्या आरपी ६१८ या शिफारशीत, हाताने जुळवायच्या हबसाठी एक हजारांश ते पाच हजारांश इंच, म्हणजे साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर, एवढीच आतबाहेरची मोकळीक सांगितली आहे. इतका बारीक खेळ हाताने हलवून कळत नाही. डायल गेज लागतं. फार आवळलेलं बेअरिंग जळतं आणि ढिलं राहिलेलं सील मारतं. ‘इतकी वर्षं हातानेच करतोय’ असं सांगणाऱ्या मिस्त्रीच्या अनुभवाला मान द्या, पण गेज लावायलाच सांगा. लॉक वॉशर नवा घाला आणि त्याची कड नक्की वळली आहे हे डोळ्यांनी पाहा. चाक निखळण्याच्या अनेक घटनांमागे हा छोटा वॉशर असतो.

लायनरचं काय?

इथे सर्वांत जास्त तडजोड होते. तेलाने भिजलेला लायनर पेट्रोलने धुतात, कोणी गॅसच्या ज्योतीवर भाजून ‘तेल काढतात’. वरून तो कोरडा दिसतोही. पण लायनरचं साहित्य सच्छिद्र असतं, तेल आतपर्यंत मुरलेलं असतं आणि पहिल्याच लांब उतारावर तापल्यावर ते पुन्हा वर येतं. भाजताना लायनरमधला बांधणारा पदार्थ जळतो ते वेगळंच. भिजलेला लायनर बदलायचा, आणि बदलताना त्याच एक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकाच जातीचे लायनर रिबिट करून घ्यायचे, नाहीतर एक चाक जास्त धरेल आणि दुसरं कमी. ड्रम लोखंडी असल्यामुळे तो धुऊन स्वच्छ होतो. मात्र त्यावर उष्णतेच्या चिरा आहेत का, ते पाहून घ्या.

पहिली फेरी

नवं पॅकिंग घालून शाफ्ट बसवा, तेल लेव्हल प्लगपर्यंत भरा. तेलावर चालणाऱ्या हबमध्ये एक पायरी जास्त लागते. एक्सलची एक बाजू साधारण १५ सेंटिमीटर उचलून मिनिटभर ठेवायची, मग दुसरी, म्हणजे तेल दोन्ही हबमध्ये पोचतं. गाडी खाली घेऊन पातळी पुन्हा भरायची. हे न केल्यास नवी बेअरिंगं पहिल्या काही किलोमीटरमध्ये जवळजवळ कोरडी फिरतात. स्लॅक अ‍ॅडजस्टर जुळवा, चेंबरचा रिलीज बोल्ट काढून जागेवर ठेवा आणि हवा भरून ब्रेक धरतो-सुटतो ना ते पाहा.

दहा-पंधरा किलोमीटर रिकामी गाडी चालवून दोन्ही हब हाताची उलटी बाजू जवळ नेऊन तपासा. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक जास्त आवळलाय. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. कामाची तारीख, किलोमीटर, सीलचा नंबर आणि कुठली बाजू हे गाडीच्या वहीत लिहून ठेवा. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं, तेव्हा ही वही मिस्त्रीला आणि तुम्हाला दोघांनाही उपयोगी पडते. त्याच बाजूचं सील पुन्हा गेलं तर कारण कुठे शोधायचं ते वही सांगते.

आणि सील वाटेतच गेलं तर? नुसती ओल असेल, ब्रेक सरळ धरत असेल आणि पातळी ठीक असेल, तर हळू वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, वाटेत थांबून हब तपासत. थेंब सतत पडत असतील, हब तापत असेल किंवा ब्रेक एका बाजूला ओढत असेल, तर गाडी तिथेच उभी करा. सीलवर बाहेरून एम-सील लावून किंवा ड्रममध्ये माती टाकून पुढे जाण्याचे सल्ले धाब्यावर मिळतील. ते ऐकू नका. कसारा असो, खंबाटकी असो की आंबा घाट, लायनर भिजलेली भरलेली गाडी उतारावर घालू नका. माल दुसऱ्या गाडीत चढवा, भाडं बुडालं तर बुडू द्या.